मागच्या खोलीची किल्ली

नव्या प्राचार्य टेबलामागची खुर्ची सोडून प्राध्यापकांच्या ओळीत येऊन बसल्या. "मी तुळसा पवार, मंडणगडची. हे कॉलेज माझ्यापेक्षा तुम्हांला जास्त ठाऊक. कुठे काय अडतंय, ते सांगा."

विमलाबाई लिमयांनी ओठ मुडपले. प्रभारी प्राचार्य म्हणून सहा महिने त्यांनी कॉलेज परिपत्रकं आणि टेबलावरच्या घंटीवर चालवलं होतं. आधीचे सर चालवायचे, अगदी तसंच. कुणाची वर मान करायची छाती झाली नव्हती. आणि ही बारा वर्षांनी लहान बाई मुलाखतीत त्यांच्या पुढे गेली, ती म्हणे काय अडतंय ते सांगा!

मग गणिताची मैना सुर्वे खाली बघत म्हणाली, "मॅडम, आम्हां बायकांची सोय नाही. उतारावर राहणाऱ्या कमलाबाईंच्या परसात जावं लागतं."

पुरुष मंडळी खिडकीबाहेर बघू लागली.

"प्राचार्यांच्या खोलीमागे आहे की," पवारबाई म्हणाल्या. "किल्ली कुणाकडे?"

"लिमयेबाईंकडं हाय," शिपाई धाकू म्हणाला.

विमलाबाईंनी पर्समधून जुडगा काढला. किल्ली कडीतून निघता निघेना. अठरा वर्षं त्याही त्याच परसात गेल्या होत्या. भर पावसात, दिवस गेलेले असतानासुद्धा. सहा महिन्यांपूर्वी ही किल्ली हाती आली, तेव्हा पहिल्या दिवशी आतून कडी लावून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या. आणखी कुणाला ती द्यावी, हे मनात आलंच नव्हतं. आलं असतं, तरी दिली नसती.

बैठक संपल्यावर त्या मागे रेंगाळल्या. "माझ्याकडे कुणी कधी मागितली नाही."

"माझ्याकडे तरी कुठे मागितली, बाई? मला विचारावं लागलं."

आवाजात टोमणा नव्हता. तेच विमलाबाईंना जास्त झोंबलं.

बाहेर व्हरांड्यात चौघीजणी रांगेत उभ्या होत्या, कसल्याशा गोष्टीवर खिदळत. विमलाबाईंना पाहून मैना बाजूला सरली. "बाई, आधी तुम्ही जा."

विमलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. नोकरीला लागून दोन वर्षं झालेली पोर.

"तुला दोनच वर्षं जावं लागलं तिकडे," त्या म्हणाल्या.

बाईंना आपल्यासाठी बरं वाटलं, असं समजून मैना हसली.