तळाची जाळी

दुधट रंगाचं मांजर पायऱ्यांपाशी पाण्यावर तरंगत होतं. रोहननं नाकाला रुमाल लावला.

"काका, आधी ते काढा. परवा चाळीस मुलं यायची आहेत."

रामनगरच्या त्या हॉटेलचा पोहण्याचा तलाव बिंदुमाधव नऊ वर्षं सांभाळत होते. रोहन मालकाचा मुलगा. वय तिशीचं, पण ऐट अशी की गंगाही यांनीच खणून आणली. परवापासून मुलांचं पोहण्याचं शिबिर, आणि आज सकाळीच ही ब्याद.

बिंदुमाधवांनी काठी घेतली नाही. कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी मांजर दोन्ही हातांनी उचललं. रोहनकडे पाठ होती. मांजराच्या गळ्यातला लाल दोरा सोडवून त्यांनी हळूच खिशात टाकला, आणि मांजर आपल्या गमछ्यात गुंडाळलं.

"फाटक तुम्हीच उघडं टाकलं असणार," रोहन म्हणाला.

"असेल."

सगळं पाणी काढा, घासा, ब्लीचिंग मारा, उद्या संध्याकाळपर्यंत भरा, असं फर्मान सोडून रोहन गेला. बिंदुमाधवांनी पंप लावला.

गंमत बघा. हेच पाणी काढू द्या म्हणून ते तीन आठवडे रोहनच्या मागे लागले होते. तळाची जाळी निखळली होती. पंप चालू असला की तिथे पाणी जोरात ओढलं जाई. मागच्या महिन्यात एका पाहुण्यांच्या मुलीची वेणी आत ओढली गेली. बिंदुमाधवांनी बुडी मारून केस कापले, तेव्हा कुठे पोर वर आली. तरी रोहनचं एकच, एका जाळीपायी एवढं पाणी कोण फेकतं, सीझन संपला की बघू. तोवर दोऱ्यानं बांधून टाका. मेल्या मांजरापायी मात्र उभ्या उभ्या हुकूम सुटला.

दुपारी तळ उघडा पडला. नवी जाळी आणि चार स्क्रू बिंदुमाधवांच्या पिशवीतच होते. जाळी बसवून त्यांनी वर उभं राहून पाहिलं, पायानं दाबून पाहिलं. हलली नाही.

मग टाइल्स घासल्या. ऊन डोक्यावर होतं, ब्लीचिंगनं डोळे चुरचुरत होते, पण त्यांना काही वाटत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मैत्रेयी, त्यांची एकुलती लेक, तापानं गेली. तेव्हापासून हे असंच. हात चालत, आत काही हलत नसे.

संध्याकाळी रोहन आला. चकचकीत तळ पाहून खूश झाला, आणि खुशीतच म्हणाला, की काका, उद्यापासून येऊ नका. फाटक उघडं राहतं म्हणजे फार झालं. पाणी दुसरं कोणी भरेल.

"बरं," बिंदुमाधव म्हणाले. "तेवढं मांजर मी नेतो."

"त्याला काय न्यायचंय? कचऱ्यात टाका."

"गंगेत सोडतो."

घरी परतताना नाव गंगेच्या भर पात्रात आली तेव्हा त्यांनी गमछा उलगडला. मांजराच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि ते पाण्याला दिलं. नावाडी वल्हवत राहिला. या पाण्यात रोज काय काय सोडतात.

बालाजी घाटाजवळच्या दोन खोल्यांत त्यांच्या बायकोनं, शरदिनीनं, चहा ठेवला. नोकरी गेल्याचं त्यांनी सांगितलं. बरं झालं, दमत होतात, एवढंच ती म्हणाली. चुलीपाशी दुधाची रिकामी वाटी पालथी घातलेली होती. मैत्रेयीची मांजर, रबडी, काल संध्याकाळी म्हातारपणानं गेली होती. गमछ्यात गुंडाळून बिंदुमाधवांनीच तिला घाटावर नेलं होतं.

"काल तिला पाण्यात सोडताना गळ्यातला दोरा काढून ठेवलात का हो?" शरदिनीनं विचारलं. "मैत्रेयीनं बांधलेला."

बिंदुमाधवांनी खिशातून लाल दोरा काढून तिच्या तळहातावर ठेवला. अजून दमट होता.

शरदिनीनं तो डोळ्यांना लावला. मग थांबली, पुन्हा नाकाशी नेला.

"अहो," ती म्हणाली, "गंगेच्या पाण्याला क्लोरिनचा वास कसा?"