पायातलं कडं

डुकरांचा अख्खा कळप कड्यावरून तळ्यात पडून बुडाला म्हणून गाव किनाऱ्याकडे धावलं. होडीतून आलेल्या पाहुण्याने कबरींमध्ये राहणाऱ्या वेड्याची भुतं काढून त्या डुकरांत घातली, असं जो तो सांगत होता. लोहार मात्र भट्टीपासून हलला नाही. तो वेडा म्हणजे त्याचाच सख्खा धाकटा भाऊ.

तेवढ्यात भाऊच दारात उभा राहिला. अंगावर धड कपडे, केस विंचरलेले. इतकी वर्षं त्याच्या किंकाळ्या ऐकून लोहाराला खुशाल झोप लागायची. आज त्याच्या शांत आवाजाने तोंडचं पाणी पळालं.

"दादा, एवढं कडं तोडून दे. साखळ्या मी तोडल्या, पण हे काही तुटेना. तुझ्या हातचं ना!"

लोहाराने छिन्नी लावली. "तुला... आठवतं का रे काही?"

"सगळं आठवतं. हे ठोकलंस तेव्हा मी वेडा नव्हतो, दादा. बाबांच्या भट्टीत नुसता वाटा मागितला होता."

कडं खळकन पडलं.

"वहिनीला सांग, आज जेवायला आहे. त्या पाहुण्यांनी मला घरीच जायला सांगितलंय."

लोहार धावत सुटला तो थेट किनाऱ्यावर. पाहुण्याच्या पायांवर लोळण घेत तो ओरडला, "महाराज, केलंत ते माघारी घ्या आणि निघून जा आमच्या गावातून!"

गाव गहिवरलं. "बघा, स्वतःचं एक डुक्कर नव्हतं त्यात, तरी आपल्यासाठी किती रडतोय!"