कपाटातली गर्दी

अल्बमची कल्पना साधी होती: क्लबमध्ये नाचून घालवलेली एक रात्र. ठेके आणि सूर लॅपटॉपवर जमले. अडलं ते नाचणाऱ्यांच्या गर्दीपाशी. बाळ होण्याआधी मी जिच्याबरोबर नाचायला जायचे, ती मैत्रीण आवाज द्यायला येणार होती. “येते गं, नक्की,” तिनं पुन्हा कळवलं आणि पुन्हा आली नाही. शेवटी एका दुपारी बाळ झोपल्यावर मी माइक घेऊन कपड्यांच्या कपाटात शिरले. दार ओढून, चमकीच्या जुन्या ड्रेसला खेटून हळूच ओरडले, हसले. आवाजावर आवाज चढवले, तेव्हा कुठे गर्दी जमली. मैत्रिणीचं नेहमीचं वाक्यही मीच तिच्यासारखं नाकात बोलले: “चल ना म्हातारे, अजून एकच गाणं!” संध्याकाळी नवऱ्यानं हेडफोन लावले. “बापरे, केवढ्या बायका! आणि ही तुझी मैत्रीण ना? उगवली एकदाची!” बाळाच्या केसातली चमकी काढत मी म्हटलं, “हो, दुपारभर होती.”