नटावरची पांढरी रेघ

जुन्या फोर व्हील ड्राइव्ह पिकअपचं पुढचं चाक उतरवून बाबा खाली बसले. त्यांचं विसरणं वाढल्यावर गॅरेज बंद होऊन दोन वर्षं झाली होती, पण पाना हातात आला की त्यांना सगळं काम आठवायचं.

"शाफ्ट गेलाय म्हणतोस?"

"वळताना कटकट वाजतं, बाबा," मुलगा नजर चुकवत म्हणाला. चाक फिरवणारा अ‍ॅक्सल शाफ्ट बदलण्यासाठी त्याने दुसरा खोक्यातून आणला होता.

बाबांनी चाकाच्या मधल्या हबवरचा नट पुसला आणि त्यांचा चेहरा खुलला. "आवळून झाल्यावर पांढरी रेघ मारलीय बघ, नट सैल झाला तर लगेच कळावं म्हणून! मीही अशीच मारतो. पक्क्या हाताचा माणूस दिसतोय. कोण रे हा?"

"आहेत एक मिस्त्री."

दुपारपर्यंत काम उरकलं. बाबांनी नट आवळला, ब्रश घेतला आणि त्यावर पांढरी रेघ ओढली. काढलेला शाफ्ट मुलाने गेल्या रविवारसारखाच लख्ख पुसून खोक्यात भरला. पुढच्या रविवारी तोच नवा म्हणून बाबांच्या हातात द्यायचा होता.

हात धुता धुता बाबा म्हणाले, "त्या मिस्त्रीशी एकदा गाठ घालून दे."

"मलाही बऱ्याच दिवसांत भेटले नाहीत ते, बाबा."