ठणठणीत

वडिलांच्या उघड्या पाठीवर तिने डावा हात पसरून ठेवला आणि त्याच्या मधल्या बोटावर उजव्या हाताच्या बोटाने ठोकायला सुरुवात केली. दवाखान्यात ती रोज हेच करायची. पण पेशंट असे मान वळवून वळवून चेष्टा करत नसत.

"जोरात मार की. मी झाडांना याहून जोरात मारतो."

"तुम्ही जरा गप्प बसता का, बाबा? मला ऐकू येत नाही."

"डॉक्टरीणबाई चिडल्या," ते स्वयंपाकघराच्या भिंतीला म्हणाले, आणि हसता हसता खोकले.

त्या खोकल्यासाठीच त्यांना स्टुलावर बसवलं होतं. ते म्हणत होते, धुळीचा आहे, जाईल. तो जात नव्हता. वनरक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी शहराबाहेरच्या जुन्या रानात गेली होती. रुंद पानांचं, कुणी न लावता आपलं आपण वाढलेलं रान. निवृत्त झाल्यावरही ते तिथे जायचे, आलेल्या लोकांना फिरवून आणायचे, लाकडी हातोडीने खोडं ठोकून बघायचे. भरीव खोड ठण्ण वाजतं, आतून गेलेलं ढोलासारखं घुमतं. "माणसाचं उलटं," ते लोकांना सांगायचे. "छाती पोकळ वाजली तर बरं. मुलगी डॉक्टर आहे, तिने शिकवलंय."

पाठीच्या वरच्या भागात आवाज पोकळ आला. खाली उजवीकडे तो एकदम मिटला. भिंतीवर ठोकावं तसा. तिने बोट सरकवून पुन्हा ठोकलं. मग समोर येऊन गळ्याच्या हाडावर चाचपलं, तिथे एक टणक गाठ हाताला लागली. मांडीवर ठेवलेला त्यांचा शर्ट त्यांना आता किती मोठा होतोय, हे तिला आत्ता दिसलं.

"काय म्हणतंय लाकूड?"

तिला दुसरा शब्द सुचला नाही. त्यांच्याच तोंडून तो ऐकत ती वाढली होती. लहानपणी त्यांच्याबरोबर रानात जायची तेव्हा एखाद्या खोडाला कान लावून ते हाच शब्द म्हणायचे, आणि ती खुशीत पुढे पळायची.

"ठणठणीत," ती म्हणाली.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. मग शर्ट घातला, बटणं सावकाश लावली, शेवटच्या बटणापर्यंत.

"बरं," ते म्हणाले. "सुट्टी आहे ना तुला? चल मग रानात."

चढावर ते मध्येच थांबले, सुतार पक्षी दाखवायच्या निमित्ताने. पुढे आत्याबाईपाशी बराच वेळ बसले. आत्याबाई म्हणजे रानातलं सगळ्यात जुनं झाड. अंगाने थोराड, एका बाजूला कललेली आणि सगळा गोतावळा पदरात घेऊन बसलेली, म्हणून ते नाव. ढोलीत घुबडं, सुटलेल्या सालीखाली वटवाघळं, वर खारींचा धुडगूस.

"हिच्याकडे येत जा अधूनमधून," वडील म्हणाले.

"तुम्ही येताच की."

"मी येतो. तूही ये."

नंतर तपासण्या झाल्या. तिने भावाला बजावलं, नर्सना बजावलं, भेटायला येणाऱ्यांना दारातच गाठून बजावलं. छातीत थोडं पाणी झालंय, काढलं की झालं, एवढंच बोलायचं. कुणावर खोटं बोलायची वेळच आली नाही. वडिलांनी कुणाला काही विचारलं नाही. ते नर्सबरोबर थट्टा करत, तिला घरी जाऊन झोप म्हणत. आपल्या एका शब्दावर माणूस किती निर्धास्त राहिला, असं तिला वाटे. रानात पानगळ सुरू व्हायच्या आत ते गेले.

नवी पालवी आली तेव्हा ती आत्याबाईकडे गेली. एका फांदीला थोडी पानं होती. बाकी झाड उघडंच होतं.

वडिलांच्या हाताखाली शिकलेली वनरक्षक बाई लोकांचा एक घोळका घेऊन तिथे आली. तिने खोड ठोकलं. आवाज ढोलासारखा घुमला.

"वाळलंय का हो हे?" घोळक्यातल्या एका बाईने विचारलं.

"छे. ठणठणीत आहे," वनरक्षक बाई म्हणाली आणि सगळ्यांना ओढ्याकडे हरणांची पावलं बघायला धाडून दिलं. मग एकटीच झाडाच्या मागे गेली. खाली बसून बुंध्यावर तांबड्या रंगाची फुली मारली.

"पाडणार?"

"पाडावंच लागेल, ताई. आतून काही उरलं नाही."

"आणि घुबडं?"

बाईने खांदे उडवले. "जातील. कुठं जातील ते विचारू नका. एवढ्या ढोलीचं दुसरं झाड नाही रानात."

"आत्ता तर तुम्ही ठणठणीत म्हणालात."

"तसंच म्हणायचं. काकांची पद्धत." ब्रश पुसता पुसता बाई म्हणाली. "ज्याचं काही खरं नाही, त्याला तोंडावर सांगायचं नाही, असं म्हणायचे ते. चांगल्या झाडाला काका कधी काही म्हणालेच नाहीत. नुसते थोपटून पुढे जायचे. ठणठणीत म्हणाले, की मी रंगाचा डबा उघडायची."

ओढ्याकडून कुणीतरी हाक मारली. बाई गेली.

ती तिथेच उभी राहिली. म्हणजे स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच त्यांना कळलं होतं. चढ चढताना माहीत होतं. नर्सबरोबर हसताना माहीत होतं, तिला घरी पाठवून दिवा मालवून एकटे पडून राहताना माहीत होतं. आणि ती रोज त्यांच्या उशाशी बसून हवापाण्याच्या गोष्टी करत होती.

वरच्या ढोलीत काहीतरी हललं आणि पुन्हा गप्प झालं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "भीती वाटत होती का हो?"