सिंहाचलम गारूंचं चुकीचं बटण

या, जवळ सरका. कथेकरी भागवतार अजून पायात चाळ बांधताहेत. हरिकथा सुरू होईतो आमच्या विजयनगरमची एक गोष्ट सांगून टाकतो.

"बाबाय, पुन्हा 'रद्द करा' दाबलंत!" हैमवतीनं कपाळाला हात लावला.

"बोटच तिकडे जातं गं, तल्ली," सिंहाचलम गारू ओशाळून म्हणाले. ती त्यांना काका मानून 'बाबाय' म्हणे, ते तिला लेकीसारखं 'तल्ली'.

विद्यापीठाचा कारभार कागदावरून संगणकावर चढत होता. कर्मचाऱ्यांना शिकवायला हैमवतीला कंत्राटावर घेतलं होतं. कुलसचिवांनी बजावलं होतं, "शेवटचा माणूस पास झाला, की त्या दिवशी तुमची नेमणूक संपली." हळूहळू सगळे पास झाले. उरले एकटे परीक्षा विभागातले सिंहाचलम गारू. दर परीक्षेत त्याच जागी तीच चूक.

हैमवतीचे दिवस भरत आले होते. नवऱ्याची तागाची गिरणी बंद पडलेली. बाळंतपणाच्या पगारी रजेचा तिचा अर्ज कुठल्याशा टेबलावर अडकला होता; त्याआधी नेमणूक संपली, तर तोही बाद. पण तिच्या डोक्यात एकच होतं: बाबाय पास झाले पाहिजेत. कारण कुलसचिवांनी आता निर्वाणीचं सांगितलं होतं, "या खेपेला नापास झाले तर बदली, अराकूपलीकडे डोंगरातल्या केंद्रावर. शिकवणी तिथूनही चालू राहील."

आणि गारू म्हणजे रोज संध्याकाळी देवळात पहिल्या चटईवर. डोंगरात हरिकथा कुठली?

"तुम्हाला पास केल्याशिवाय मी सोडणार नाही," ती म्हणाली. स्वतःच्या कपाळाची टिकली काढून तिनं पडद्यावर 'जतन करा'शेजारी चिकटवली. "पैडितल्ली देवीचं नाव घ्यायचं आणि इथं दाबायचं."

पलीकडच्या टेबलावरची सत्यवती हसली. "टिकली लावून दिली तरी नवरी सापडेना होय, गारू?"

"सापडेल, सापडेल." गारूंनी डबा पुढे केला. "आधी हा अंबाडीचा गोंगुराभात खा. रजेचा कागद आला का?"

"विषय बदलू नका, बाबाय!"

जेवायची सुट्टी विसरून ती शिकवत राहिली. परीक्षेच्या दिवशी गारूंनी हात जोडले. सगळं बिनचूक भरलं. बोट टिकलीवर क्षणभर थबकलं, आणि बाजूला सरकलं.

रद्द.

बदलीचा हुकूम लागलीच निघाला. त्याच आठवड्यात हैमवतीची रजाही मंजूर झाली, पण तिला काही आनंद झाला नाही. आपणच शिकवण्यात कमी पडलो, असं वाटून संध्याकाळी ती माफी मागायला देवळात गेली.

रुक्मिणीस्वयंवर रंगात आलं होतं. पहिल्या चटईपुढे तिकाटण्यावर मोबाईल लावलेला. भागवतारांनी चिपळ्या थांबवून विचारलं, "सिंहाचलम, अमेरिकेतल्या लेकरांना आवाज पोचतोय ना?"

"पोचतोय, स्वामी!" गारूंची बोटं पडद्यावर सरसर फिरत होती. चित्र जवळ घेतलं, आवाज वाढवला, कुणाच्या निरोपाला उत्तर दिलं, कालची कथा कुणाला धाडली. एकदाही चुकले नाहीत.

हैमवती खांबाला धरून उभी राहिली. "बाबाय... हे सगळं येतं तुम्हाला?"

गारूंनी मान वर केली नाही.

"रजेचा कागद हातात आला ना, तल्ली?"

चला, भागवतार उभे राहिले. हरीचं नाव घ्याल तेव्हा डोंगरातल्या त्या नापास माणसाचीही आठवण ठेवा.