पहिल्या कमाईचा रकाना

"मग, पहिल्या पैशांतून काय घेतलंत?" असं टाइप करून त्यानं ओला डावा बूट टेबलाखाली काढून ठेवला. आतल्या कापसाच्या बोळ्याचा पार लगदा झाला होता. लहानपणच्या एका आजारात तो पाय जरा खुरटला, तेव्हापासून हा बोळा त्याच्या जन्माला पुजलेला.

पलीकडच्या माणसाला वाटत होतं, आपण एका ताईंशी बोलतोय. नवरा वारलेल्या, मायाळू, क्रिप्टोत नशीब उघडलेल्या ताई. खुर्चीत बसलेल्या या ताईंची तीन दिवसांची दाढी वाढली होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत अशा अकरा ताई बसायच्या. मालकाला सगळे मामा म्हणत. लोकांना मामा बनवून खाणाऱ्याला दुसरं म्हणणार तरी काय!

मामाची पद्धत साधी होती. गिऱ्हाइकानं थोडे पैसे घातले की आठवड्यात फायदा दाखवायचा आणि तो खरोखर हातात ठेवायचा. मग विचारायचं, पहिल्या कमाईचं काय केलंत? उत्तर एका रकान्यात लिहायचं. गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन मामालाच दिसायचा, बाकीच्यांना नुसता आकडा.

"जो स्वतःवर उडवतो ना, तो तिथंच थांबतो," मामा म्हणायचा. "दुसऱ्यासाठी काही घेतो तो परत येतो. आणि येताना सगळं घेऊन येतो."

त्याचा पहिला पगारही मामानं क्रिप्टोतच दिला होता आणि हाच प्रश्न विचारला होता. "आईला स्मार्टफोन घेतला," तो म्हणाला होता. मामा नुसता हसला होता.

फोन हातात देताना त्यानं आईला बजावलं होतं, "खरं नाव-गाव कुणाला सांगायचं नाही. घरात बाईमाणूस एकटं आहे, हे तर मुळीच कळू द्यायचं नाही." चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आपण कुठल्या धंद्यात आहोत, हे मात्र तो बोलला नव्हता. आईच्या लेखी तो एका बँकेत होता.

स्क्रीन चमकली. दोनशे बारा नंबर, निवृत्त पोस्टमन. सज्जन माणूस, पण भारी सावध. दर दोन वाक्यांनी लिहायचा, "बायकोला विचारून सांगतो."

"बूट घेतले. दोन जोड."

"अरे वा! दोन मुलगे वाटतं?"

"घरातल्यांसाठीच. अजून पोचायचेत."

रकान्यात त्यानं लिहिलं: बूट, दोन मुलगे, परत येणार.

पोस्टमन तेवढ्यावर थांबला नाही. "घर गहाण टाकलं ताई. पैसे आज मिळाले. सगळे घालू का? तुमच्या शब्दावर घालतो."

त्यानं कीबोर्ड दूर सारला. महिनाभर त्यानंच हे घर पोखरलं होतं. आता ते पडायला आलं, तर त्यालाच बघवेना.

मामा मागं येऊन उभा राहिला होता. "हे एवढं घर पदरात पाड आणि सूट," तो हळूच म्हणाला. त्याची सगळी सर्टिफिकिटं मामाच्या कपाटात होती. ती सोडवल्याशिवाय दुसरी नोकरी मिळायची नव्हती. "आज संध्याकाळी कपाट उघडतो. मामाचा शब्द."

"पाच मिनिटं द्या," असं म्हणून तो एक पाय ओढत बाहेर जिन्यात गेला. आईला फोन लावला.

"कामात आहेस?" त्यानं विचारलं.

"जरा आहे. बोल ना."

"मी ही नोकरी सोडतोय, आई. घरी येतोय."

"ये रे बाबा, ये!" तिचा आवाज एकदम फुलला. "आता तुला असं लांब राहावंच लागणार नाही, बघ. आणि हो, तुझ्या खोलीवर एक पार्सल येईल. गंमत आहे."

"कसली गंमत?"

"सांगितली तर गंमत कसली?"

त्याला हसू आलं आणि रडूही. "कुणी अनोळखी माणसं त्रास देत नाहीत ना फोनवर?"

"छे रे. तू सांगितलंस तस्संच वागते मी."

तो आत आला. एक म्हातारा बुडेल, पण आपली आई एकटी राहणार नाही, असा हिशेब त्यानं मनाशी घातला. दोन मुलगे आहेत त्याला, ते बघतील. आपल्या आईला आपल्याशिवाय कोण आहे?

"घाला," त्यानं लिहिलं. "मी आहे ना."

पाच-सात मिनिटांत पैसे आले. पाठोपाठ प्रश्न आला, "ताई, आता पुढं काय करायचं?"

त्याचं उत्तर द्यायची पद्धत नव्हती. त्यानं दोनशे बारा नंबर पुसला, ताईही पुसल्या. त्याला स्वतःची किळस आली. मामा शब्दाला जागला. सर्टिफिकिटं छातीशी धरून तो जिना उतरला आणि वाटेतच घरचं तिकीट काढलं.

खोलीच्या दाराशी पार्सल टेकवून ठेवलं होतं. वर आईचं वळणदार अक्षर. त्यानं उभ्याउभ्याच दोरी तोडली. आत बूट होते, काळे, मऊ कातड्याचे. त्यानं सवयीनं कापूस शोधला, मग तसाच डावा पाय आत घातला. पाय अगदी नेमका बसला. उजवाही बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो दोन्ही पायांवर सरळ उभा राहिला.

खोक्याच्या तळाशी चिठ्ठी होती.

"आता कापूस टाकून दे. माझ्या पहिल्या कमाईचे आहेत. डावा आठ नंबरचा, उजवा नऊचा. दुकानदार एकेक सुटा देईना, म्हणून दोन जोड घ्यावे लागले."